गिनी पिग दत्तक घेताना किंवा सांभाळायला आणताना: आधी गवत, मग डॉक्टर, मग जनावर

बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. कुणाचा तरी फोन येतो, "दोन गिनी पिग आहेत, आजच न्या." पोरं हट्ट धरतात, खोक्यातून जनावरं घरी येतात आणि मग गवत कुठं मिळेल, डॉक्टर कोण बघेल याची शोधाशोध सुरू होते. तोवर दोन दिवस भाकरीचे तुकडे आणि कोबीचा पाला यांवर गेलेले असतात. गिनी पिगचं पोट एवढा वेळ थांबत नाही. त्याची आतडी सतत चालू राहावी लागतात. बारा तास काहीच खाल्लं नाही तर आतडी मंदावतात, आणि तिथून जनावर परत आणणं फार अवघड जातं.

खालचा क्रम बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या घरांचा विचार करून लावला आहे. आधीचा टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा धरू नका.

दत्तक म्हणजे पाच ते आठ वर्षांची जबाबदारी. फॉस्टर म्हणजे प्राणीमित्र संस्थेच्या वतीनं ठरावीक काळ सांभाळणं. तो काळ किती असेल हे जनावराच्या स्थितीवर ठरतं. खरजेचा उपचार चालू असेल तर महिना-दीड महिना लागतो. मादी गाभण असेल तर विण्यापर्यंत दहा आठवडे आणि पिल्लं दूध सोडेपर्यंत आणखी तीन-चार आठवडे, म्हणजे सरळ तीन महिने धरा. "चार दिवस ठेवून बघू" असा फॉस्टर नसतो.

## टप्पा 1: गवताची सोय

खाण्यातला जवळजवळ ऐंशी टक्के भाग गवत हवं आणि ते चोवीस तास समोर हवं. दाढा आयुष्यभर वाढत राहतात. लांब, चिवट गवत चघळूनच त्या झिजतात. गोळी खाद्यानं किंवा भाजीनं ते काम होत नाही.

बाहेरून येणारं टिमोथी गवत पाकिटातून मागवता येतं, पण नुसत्या पार्सलच्या भरवशावर जनावर आणू नका. पार्सल चार दिवस उशिरा आलं तर काय, याचं उत्तर घरात तयार हवं. आपल्या भागातला सगळ्यांत चांगला पर्याय म्हणजे हरळी, ओली आणि सुकी दोन्ही. पाऊस ओसरल्यावर, तुरे येण्याआधी कापलेली हरळी सावलीत पातळ पसरायची, दिवसातून दोनदा उलथायची. तीन-चार दिवसांत ती हिरवट राहूनच वाळते.

घेताना मुठीत चुरगाळून बघा. चांगलं गवत कुरकुरतं आणि त्याला वाळल्या रानाचा गोड वास येतो. मुठीत ओलसर लागलं, कुबट वास आला किंवा झटकल्यावर करडी भुकटी उडाली, तर ती पेंढी गोठ्यात द्यायलाही नको, गिनी पिगला तर नकोच.

दोन जनावरांना वाया जाणारं धरून महिन्याला तीन ते चार किलो सुकं गवत लागतं. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर काही वाळत नाही. म्हणून मे महिना संपायच्या आत पंधरा-सोळा किलोचा साठा करा. तो गोणीत भरून, फरशीला न टेकवता, लाकडी फळीवर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलं गवत आतून घामेजतं आणि बुरशी धरतं.

इथं हमखास होणाऱ्या चुका:

- भाताचं पिंजर आणि ज्वारीचा कडबा मुख्य खाद्य म्हणून देणं. पिंजरात पोषण कमी असतं आणि कडब्याची जाड ताटं तोंडात टोचतात. कोवळी हिरवी ज्वारी तर विषारी. तिच्यात सायनाइड तयार होतं, जनावरं सांभाळणाऱ्या घरांना ते ठाऊकच आहे.
- लसूण घास (लुसर्नचा हिरवा चारा) रोज देणं. त्यात कॅल्शियम जास्त असतं. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला तो चालतो, बाकीच्यांना मूतखड्याचं निमित्त होतं.
- रस्त्याकडेचं किंवा प्लॉटवरचं गवत आणणं. तणनाशक मारलेलं असतं, कुत्र्यांनी घाण केलेली असते आणि मध्ये काँग्रेस गवत, घाणेरी, धोतरा मिसळलेला असतो. ऊस किंवा भाजीच्या शेताच्या बांधावरून कापत असाल तर शेवटची फवारणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारा.

तपासा: एका महिन्याचं गवत घरात आलं आहे आणि पुढचं कुठून येणार हे ठरलं आहे. नसेल तर इथंच थांबा.

## टप्पा 2: डॉक्टर

आपल्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गाय, म्हैस, कुत्रं रोज येतं, गिनी पिग क्वचित. म्हणून प्राणी आणण्याआधीच दवाखान्यात जाऊन विचारा: गिनी पिग बघता का? खरजेवर काय देता? दात तपासायचं साधन आहे का? रविवारी, रात्री कोण असतं? एक डॉक्टर जवळचा ठरवा आणि एक लांबचा, जो लहान पाळीव प्राण्यांवर शस्त्रक्रिया करतो. तो कोल्हापूर, हुबळी, गोवा किंवा पुण्यातही असू शकेल. त्याचा नंबर आणि वेळ फ्रिजवर चिकटवा.

शेजारीच दुसरा कागद चिकटवा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन नको. ही औषधं गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात. मग घातक जंतू वाढतात आणि काही दिवसांत जनावर दगावतं. कुत्र्यावर रोज वापरली जाणारी औषधं असल्यानं घाईत ती लिहिली जाऊ शकतात. आपण नम्रपणे आठवण करून दिली तर चांगला डॉक्टर रागावत नाही. कुत्र्यांच्या पिसवांवरचे फिप्रोनिलचे थेंबही लावू नका.

## टप्पा 3: जागा

दोघांना कमीत कमी 4 फूट बाय 2 फूट मोकळी सपाट जागा हवी. 5 बाय 2 मिळाली तर भांडणं कमी होतात. वरचे मजले, शिड्या यांनी जागा वाढत नाही, ते सपाटीवर धावणारं जनावर आहे. तळाला जाळी नको, तिच्यानं तळपाय सोलवटतात आणि पिकतात. तळात वर्तमानपत्र, त्यावर जुना टॉवेल, त्यावर फ्लीसचं कापड. जुनी वाकळ घालायची असेल तर तिचे सुटलेले टाके आधी कापून टाका, नख अडकून पाय मुरगळतो. गिरणीतला भाताचा तूस डोळ्यांत जातो. सॉ मिलचा भुसा कुठल्या लाकडाचा आहे ते कळत नाही, आणि देवदारासारख्या लाकडाच्या वासानं श्वासाचा त्रास होतो.

प्रत्येकाला एक अशी दोन लपणं ठेवा, आणि प्रत्येक लपण्याला दोन दारं. एकच दार असलं की दांडगा गिनी पिग दुसऱ्याला आत कोंडतो. वर जाळीचं झाकण हवंच. मांजर, घूस, मुंगूस यांपैकी कुणीतरी आपल्या गल्लीत असतंच.

तापमान 18 ते 24 अंश चांगलं. 27-28 च्या वर धोका सुरू होतो. बेळगावची हवा थंड म्हणून आपण निर्धास्त असतो, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा 35 च्या पुढं जातो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. पत्र्याखाली, गच्चीवर किंवा बंद गॅलरीत पिंजरा ठेवू नका. तळमजल्यावरची, उत्तरेकडची खोली निवडा. एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचा उघडा तुकडा ठेवा, जनावर आपणहून त्यावर येऊन पसरतं. लाईट गेली तर बर्फाची बाटली कापडात गुंडाळून ठेवा.

सावध: गणपती, दिवाळी आणि वैशाखातली शिवजयंतीची मिरवणूक या दिवसांत नवं जनावर आणू नका. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते, आणि डॉल्बीच्या दणक्यानं नवीन, बिथरलेला गिनी पिग खाणं सोडतो.

## टप्पा 4: संस्थेशी बोलणी

आपल्या भागातल्या प्राणीमित्र गटांचा बराचसा भार कुत्री, मांजरं आणि गुरांवर असतो. गिनी पिग त्यांच्याकडं अधूनमधून येतो, आणि तेव्हा त्यांना तयार घर हवं असतं. म्हणून जनावर नसतानाच नाव नोंदवा. पुणे किंवा बेंगळुरूच्या गटाकडून घेणार असाल तर ते घर पाहायला येऊ शकणार नाहीत. पिंजरा, गवताचा साठा आणि खोली दाखवणारा व्हिडिओ आपणहून पाठवा, अर्ज लवकर पुढं सरकतो.

बोलताना पाच गोष्टी लेखी ठरवून घ्या: नर की मादी आणि ते कुणी ठरवलं, आतापर्यंतचे उपचार, आत्ताचं वजन, नाही जमलं तर जनावर परत घेणार का, फॉस्टर असेल तर डॉक्टरचा खर्च कुणाचा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय कुणाचा. शेवटचा मुद्दा राहून गेला तर रात्री अकरा वाजता दवाखान्याच्या दारात वाद होतो. करारपत्र कन्नडमध्ये असेल आणि पूर्ण समजत नसेल तर वाचणाऱ्या माणसाला सोबत घ्या, नुसती सही करू नका.

एकटा गिनी पिग मागू नका. तो कळपातला जीव आहे. दोन माद्या, दोन नर किंवा खच्ची केलेला नर आणि मादी, यांपैकी एक जोडी मागा. सशासोबत ठेवू नका. सशाच्या लाथेनं हाडं मोडतात आणि त्याच्या श्वासातले जंतू गिनी पिगला न्यूमोनिया देतात.

## टप्पा 5: ताब्यात घेताना तपासणी

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळ देऊन करा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून खोकं या गाडीतून त्या गाडीत ठेवणं म्हणजे हस्तांतर नव्हे. बसायला जागा, उजेड आणि अर्धा तास हवाच.

जमिनीवर मांडी घालून बसा. कमरेच्या उंचीवरून पडला तरी त्याचा कणा मोडू शकतो. मांडीवर काळं कापड घ्या, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली ठेवून जनावर उचला.

केसांतून बारीक फणी उलटी फिरवा आणि कापडाकडं बघा. पांढरट, सरकणारे ठिपके दिसले तर उवा. कोंडा, टक्कल आणि हात लावताच झटका आल्यासारखं खाजवणं म्हणजे खरूज. तिचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. नाकाभोवती किंवा कानाभोवती गोल, खपली धरलेले डाग म्हणजे नायटा, आणि तो माणसालाही होतो. घरात लहान मूल असेल तर हातमोजे घालूनच हाताळा.

डोळे चमकदार हवेत, कडा चिकटलेल्या नकोत. नाक कोरडं हवं. जनावर कानाजवळ धरून श्वास ऐका. करकर किंवा घरघर ऐकू आली तर छातीचा संसर्ग असू शकतो. हनुवटीखालचे केस ओले असतील तर दाढांचं दुखणं. पुढचे दात पांढरे आणि समोरासमोर हवेत. तळपाय गुलाबी आणि मऊ हवेत, लालभडक किंवा सुजलेले नकोत. पुढच्या पायाला चार आणि मागच्याला तीन बोटं असतात, मोजून "बोट तुटलंय" असं समजू नका.

काही गोष्टी आजार नसतात, तरी लोक घाबरतात. कानामागचा केस नसलेला ठिपका सगळ्यांनाच असतो. चेहरा धुताना डोळ्यातून येणारं दुधाळ पाणी नेहमीचं. पाठीच्या टोकाला तेलकट डाग असतो, नरात जास्त. आणि गुदाशी तोंड नेऊन मऊ लेंडी खाणं ही त्याच्या पचनाचीच रीत आहे.

नर-मादी स्वतः बघा. गुप्तांगाच्या वर बोटानं अलगद दाबलं की नराचं लिंग बाहेर येतं. मादीत इंग्रजी वाय अक्षरासारखी घडी दिसते. कोवळ्या पिल्लांत फसगत होते, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. इथली चूक सगळ्यांत महाग पडते. नर तीन आठवड्यांचा झाला की आई-बहिणींना गाभण करू शकतो, मादी महिनाभरात वयात येते, आणि व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. "दोघी बहिणी" म्हणून आणलेल्या जोडीची तीन महिन्यांत पाच-सहा जनावरं होतात ती अशी.

तपासा: मादी आधी कुणासोबत होती हे खात्रीनं माहीत नसेल तर ती गाभणच समजा आणि 72 दिवस नरापासून वेगळी ठेवा. पोट दाबून पिल्लं चाचपू नका.

## टप्पा 6: घरी आणताना

पहाटे निघा. हवा खेळणारं घट्ट खोकं, तळाला टॉवेल, वर गवत आणि काकडीचे जाड काप. पाण्याची बाटली प्रवासात गळते आणि अंथरूण भिजतं, काकडीनं भागतं. पुण्याहून येत असाल तर दीड-दोन तासांनी थांबून खाताहेत का ते बघा. मोटारसायकलच्या डिकीत किंवा पिशवीत नको, बसच्या पार्सलमध्ये तर कधीच नको. निघण्याआधी तिथलं दोन-तीन दिवसांचं गवत आणि एक वापरलेलं फडकं मागून घ्या.

## टप्पा 7: पहिले एकवीस दिवस

घरात आधीचे गिनी पिग असतील तर नव्यांना वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं फडकं. आधी जुन्यांचं काम करा, मग नव्यांचं, मग साबणानं हात धुवा. एकाच खोलीत दोन पिंजरे म्हणजे विलगीकरण नव्हे.

या दिवसांत सगळ्यांत उपयोगाची वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. रोज सकाळी, भाजी देण्याआधी, रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, जनावर डब्यात ठेवा, आकडा वहीत लिहा. मोठ्याचं वजन 700 ते 1200 ग्रॅम असतं, रोज वीस-तीस ग्रॅम इकडंतिकडं चालतं. पन्नास ग्रॅम उतरलं तर बारकाईनं लक्ष ठेवा. शंभर उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर. गिनी पिग दुखणं लपवतो. तुम्हाला ते दिसेपर्यंत वजनानं आठवडाभर आधी सांगितलेलं असतं. तीन आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदा वजन पुरे.

खाणं एकदम बदलू नका. संस्थेत जे मिळत होतं तेच चालू ठेवा, ओली हरळी आणि नव्या भाज्या आठवडाभरात हळूहळू वाढवा. क जीवनसत्त्व त्याचं शरीर बनवत नाही. किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं. हिरव्या ढोबळी मिरचीचा 25-30 ग्रॅमचा तुकडा आणि थोडी कोथिंबीर रोज दिली की भागतं. पेरूची छोटी फोड आठवड्यातून दोन-तीनदा द्या. साखर असते म्हणून रोज नको. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नका, ते उजेडात नासतं आणि चव बदलली की जनावर पाणीच सोडतं. गोळी खाद्य गिनी पिगचंच हवं, दिवसाला एक-दोन चमचे. सशाच्या खाद्यात क जीवनसत्त्व घातलेलं नसतं.

भाकरी, भात, बिस्किट, शेंगदाणे, कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला नको. पाहुणे प्रेमानं भाकरीचा तुकडा पुढं करतात. त्यांच्या हातात मक्याच्या कणसाची हिरवी साल द्या, गिनी पिग ती आवडीनं खातो आणि पाहुण्यांचंही मन राखलं जातं.

सावध: खाणं बंद, लेंड्या बारीक किंवा बंद, लघवीत रक्त, तोंड उघडं ठेवून श्वास, उन्हात लाळ गाळत आडवं पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ऊन लागलं असेल तर साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं कान आणि पायांना लावत दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. पोट ढोलासारखं फुगलेलं असेल तर सिरिंजनं काही भरवू नका.

## टप्पा 8: जुन्या-नव्यांची जोडी लावताना

एकवीस दिवस निर्धोक गेले की दोघांनाही अनोळखी जागेत सोडा. व्हरांड्यात साडी अंथरली तरी चालेल. मधोमध गवताचा ढीग, लपणं नकोत. गुरगुरत डुलत चालणं, एकमेकांवर चढणं, हनुवटी वर करून उभं राहणं हे चालायचंच, त्यात पडू नका. त्यांना लवकर वेगळं केलं की वरचढ कोण ते ठरत नाही आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दात कडकड वाजवत एकमेकांवर झेप घेतली, रक्त निघालं, की मध्ये टॉवेल टाकून वेगळं करा. हात घालू नका, चावा खोल बसतो.

खच्ची केलेल्या नराला शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे मादीजवळ सोडू नका.

फॉस्टरचं जनावर आपल्या जनावरांसोबत मिसळायचं नाही. दोघांचं जमलं तर पुढं तोडताना दोघंही खाणं सोडतात.

## टप्पा 9: फॉस्टरचं जनावर पुढं देताना

नवं घर संस्था ठरवते. ओळखीच्या कुणी मागितलं तरी परस्पर देऊ नका, त्यांना संस्थेकडं पाठवा. व्यालेल्या मादीची नर पिल्लं 21 व्या दिवशी वेगळी केली का, ते वहीत तारखेसह लिहा. नव्या घरच्यांसमोर नर-मादी पुन्हा तपासा, वजन करून दाखवा.

सोबत द्यायचं ते असं: वजनाची वही, औषधांची नावं आणि मात्रा, तीन दिवसांचं गवत, रोजच्या भाज्यांची यादी आणि न धुतलेलं एक फडकं. पिंजरा दुसऱ्या गिनी पिगला वापरण्याआधी गरम पाण्यानं आणि साबणानं धुवून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. खरूज किंवा नायटा झालेला असेल तर कापड आणि लाकडी लपणं जाळून टाका.

पहिल्या आठवड्यात दर दिवशी सकाळचं वजन कळवायला नव्या घरच्यांना सांगा. वजन उतरताना दिसलं आणि ते "नवीन जागा आहे, होईल ठीक" म्हणाले, तर आपणच संस्थेला फोन करा.